न दिसणाऱ्याची नोंद

"मामी, तुम्ही दोघं मराठी शिकवता ना? मग मला रंगांची नावं द्या. सापांसाठी हवी आहेत."

विमानतळावरून घरी जाताना गाडी चालवता चालवता भाचीने ही मागणी केली, आणि मागच्या आसनावर बसलेली तिची आई, म्हणजे आमच्यातील एकाची थोरली बहीण, हताशपणे हसली. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पाच आठवडे शिकागोजवळच्या नेपरव्हिल या उपनगरात त्यांच्याकडे राहिलो. भाचीचा जन्म तिथलाच. तिचे मराठी आईकडून आलेले, म्हणून तीस वर्षांपूर्वीचे. आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आता ऐकू न येणारे कित्येक शब्द ती सहज वापरते. ती साप पाळते हे आम्हांला फोनवरून ठाऊक होते. परंतु ती त्यांची वीण घेते, आणि तीही रंगांसाठी, हे तिथे गेल्यावर कळले.

आम्ही साहित्याची माणसे. आमचे साप पाटावर गंधाने काढलेले, कथाकवितांतून प्रतीक म्हणून सळसळणारे, फार तर महाविद्यालयाच्या आवारात निघालेली धामण आणि तिच्यामागे काठ्या घेऊन धावणारे शिपाई. भाचीच्या तळघरातील साप मात्र कशाचेही प्रतीक नव्हते. भिंतीलगतच्या मांडणीवर प्लॅस्टिकचे डबे ओळीने लावलेले. प्रत्येकात लाकडाच्या भुशाचा थर, पाण्याची वाटी, लपायला एक पालथी कुंडी, आणि खाली नियंत्रित उष्णतेची पट्टी. डब्यावर चिठ्ठी : जन्मतारीख, आईबापांचे क्रमांक, शेवटचे खाणे, शेवटची कात. कोपऱ्यातल्या फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी स्वयंपाकघराशी या फ्रीजरचा काही संबंध नाही, असे बहिणीने आम्हांला पहिल्याच दिवशी दोनदा बजावले.

हे साप म्हणजे कॉर्न स्नेक, शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुट्टाटस. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या पाइन वृक्षांच्या रानापासून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापर्यंत आढळणारा हा बिनविषारी साप. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. माणसाच्या हातात मात्र बहुधा शांत राहतो. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे येई म्हणून त्याला मक्याचे नाव मिळाले असे काही सांगतात. पोटावरची काळी-पांढरी चौकट कणसाच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असे दुसरे. मूळ रंग केशरी-तपकिरी, त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके. या एका रंगातून माणसांनी आज शेकड्यांनी रंग काढले आहेत.

त्याची सुरुवात १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात सापडलेल्या एका नराने झाली. त्याच्या अंगात काळा रंग अजिबात नव्हता. तांबडा-केशरी तेवढा उरला होता आणि डोळे लाल. जॉर्जिया राज्यातील व्हाल्डोस्टा गावचे त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याची सामान्य रंगाच्या मादीशी वीण घेतली. सगळी पिल्ले सामान्य निघाली. पण पुढच्या पिढीत काळा रंग नसलेली पिल्ले पुन्हा जन्माला आली. म्हणजे गुण नष्ट झाला नव्हता. एक पिढी तो न दिसता वाहिला गेला होता. बेक्टेल पतिपत्नींनी हा वृत्तान्त १९६२ साली 'कोपिया' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मेंडेलने वाटाण्यांवर जे पाहिले ते सापांवर दिसले, एवढेच म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु पाळणाऱ्यांच्या हाती त्यामुळे किल्ली आली.

भाचीने आम्हांला हे जेवणाच्या टेबलावर चौकट काढून समजावले. एक साप काळा रंग नसलेला, दुसरा तांबडा रंग नसलेला. दोन्ही गुण अप्रभावी. त्यांची पिल्ले दिसायला अगदी रानातल्या सापासारखी, कारण प्रत्येकाकडे दोन्ही रंगांची एकेक धड प्रत असते. या पिल्लांची आपसांत वीण घेतली, तर सोळांत सरासरी एकाला दोन्ही रंग नसतात. त्याला ती मंडळी 'स्नो' म्हणतात. हे हिम प्रत्यक्षात फिकट गुलाबी असते, पण नाव रूढ झाले. मग कॅरामेल, बटर, लॅव्हेंडर, ब्लडरेड, घोस्ट, ओपल अशी नावांची रांगच लागते.

आमचे काम इथे सुरू झाले, आणि आम्ही ते हौसेने केले. लॅव्हेंडरला 'पारवा' सुचवला, कारण त्या सापाची जांभळट राखी झाक कबुतराच्या मानेची आहे. कॅरामेलला 'काकवी', बटरला 'लोणी', ब्लडरेडला 'डाळिंबी', काळा रंग नसलेल्याला 'अबोली'. घोस्टला 'भुताळी' म्हटल्यावर भाची इतकी हसली की हातातला साप तिने आईच्या खांद्यावर ठेवला. जुन्या पैठण्या आणि इरकली लुगडी ज्या शब्दांनी विकली गेली, ते शब्द एका तळघरातील चिठ्ठ्यांवर चढताना पाहून आम्हांला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

एका शब्दापाशी मात्र आम्ही अडलो. बऱ्याच चिठ्ठ्यांवर रंगाच्या नावापुढे लिहिलेले होते : 'हेट'. हेटरोझायगसचे हे लघुरूप. आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत त्याला विषमयुग्मी म्हणतात. ज्या सापात एखादा गुण दिसत नाही, पण त्याची एक प्रत आहे, तो त्या गुणाचा 'हेट'. त्याहून विलक्षण नोंद अशी होती : '६६ टक्के शक्य हेट'. दोन हेट सापांची वीण घेतली, तर चारांत सरासरी एकात गुण दिसतो. उरलेल्या तिघांत एक पूर्ण मुक्त असतो आणि दोघे वाहक. पण तिघेही दिसायला सारखेच. म्हणून न दिसणाऱ्या प्रत्येकावर लिहायचे : तीनांत दोन, ६६ टक्के, शक्य. यापेक्षा जास्त ठाऊक नसताना जास्त सांगायचे नाही, आणि ठाऊक असताना कमीही नाही. "हे लिहिलं नाही तर ते खोटं बोलणं," भाची म्हणाली. "विकणारा काय दिसतं ते दाखवतो. काय दिसत नाही ते लिहायला लागतं."

या शब्दाला मराठी नाव आम्हांला सुचले नाही.

एके संध्याकाळी आमच्यातील एकाने सहज विचारले की, ही भावंडांची आपसांत वीण किती पिढ्या चालायची. भाची गंभीर झाली. अप्रभावी रंग वर आणायचा तर जवळच्या नात्यात वीण घेण्यावाचून लवकर मार्ग सापडत नाही, आणि या छंदाचा तोच दोष आहे. रंगासोबत जे नको तेही एकत्र येते. म्हणून समंजस पाळणारे मधूनमधून परक्या रक्ताचा साप आणतात. हे ऐकताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. बहिणीने विषय बदलून चहा टाकला. याचे कारण पुढे येईलच.

आम्ही गेलो तेव्हा उबवणीच्या पेटीत एका मादीची सोळा अंडी होती. ही जोडी भाचीच्या खास जिव्हाळ्याची. नर 'सनकिस्ड' नावाच्या रंगाचा. कोवळे ऊन अंगावर पडल्यासारखा. मादी त्याच रंगाची वाहक. दोघेही एकाच विक्रेत्याकडून आणलेले. अंडी कोंबडीसारखी कडक नसतात; चामड्यासारखी लवचीक आणि एकमेकांना चिकटलेली. ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये ठेवून साधारण २८ अंश सेल्सिअसला त्यांना दोन महिने जपावे लागते. त्यांची बाजू उलटू द्यायची नाही, म्हणून प्रत्येकावर वर पेन्सिलीची खूण. जूनच्या पहिल्या आठवड्यात अंड्यांवर चिरा दिसू लागल्या. पिल्लू इवल्या दाताने कवच कापते, नाक बाहेर काढते आणि तसेच पाऊण-एक दिवस बसून राहते, जणू जगात यावे की नाही याचा विचार चालू आहे. सोळांपैकी चौदा बाहेर आली. बोटाहून बारीक, जेमतेम वीतभर लांब. वरच्या मजल्यावरून सगळे खाली आले. साप न आवडणारी बहीणसुद्धा.

तिसऱ्या दिवशी भाचीने आम्हांला हाक मारून बोलावले, आणि तिच्या आवाजावरूनच काही बिघडल्याचे कळले. एक पिल्लू डब्यात पुढे सरकताना मान मागे टाकत होते. डोके वर, थेट छताकडे. मग अंग उलटे होई, पोट वर येई, ते सावरू पाही आणि पुन्हा मान मागे. त्याला दुखत होते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पाहवत नव्हते, एवढे खरे. तासाभरात आणखी दोन तशीच आढळली.

या दोषाला पाळणाऱ्यांत 'स्टारगेझर' म्हणतात : तारे पाहणारा. मज्जासंस्थेचा हा आनुवंशिक दोष अप्रभावी आहे आणि सनकिस्ड रंगाच्या काही वंशांतून तो पसरल्याचे पाळणाऱ्यांना माहीत आहे. रंगाचा आणि दोषाचा जनुक एक नाही; ते एका वंशात सोबत आले, इतकेच. दोष दिसायला आई आणि बाप दोघेही वाहक असावे लागतात. वाहक साप मात्र पूर्ण धडधाकट, देखणा. ज्याने ही जोडी विकली त्याच्या चिठ्ठीवर याचा उल्लेख नव्हता.

त्या रात्री आम्ही पाहिले ते सापांपेक्षा अधिक लक्षात राहिले. भाचीने वही काढली. चौदांत तीन, म्हणजे अपेक्षेच्या जवळपासच. उरलेली अकरा पिल्ले निरोगी. त्यांतली प्रत्येकावर आता एक नवी ओळ : 'स्टारगेझर : ६६ टक्के शक्य हेट'. मग ती मागच्या वर्षाच्या पानावर गेली. याच जोडीची त्या वर्षी सहाच पिल्ले जगली होती आणि सहाही धड होती. "सहातलं एकही निघू नये याची शक्यता किती?" तिने स्वतःलाच विचारले आणि उत्तर काढले : तीन चतुर्थांशाचा सहावा घात, सुमारे १८ टक्के. म्हणजे विशेष काही नाही, नशीब होते. ती सहा पिल्ले पाच जणांना विकली गेली होती. पहाटेपर्यंत जागून तिने पाचही जणांना पत्रे लिहिली : तुमच्याकडचा साप निरोगी आहे, परंतु तो वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन आहे, त्याची वीण घेऊ नका, घेतलीच तर आधी चाचणी-वीण करून खात्री करा, पैसे परत हवे असल्यास देते. आम्ही म्हणालो, कुणी विचारलेले नाही, कदाचित कुणाला कधी कळणारही नाही. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणूनच लिहायचं ना, मामा."

दोघांनी आभार मानले. एकाने पैसे परत मागितले. एकाने तिला फसवी म्हटले. पाचव्याचे उत्तर आम्ही तिथे असेपर्यंत आले नव्हते. ती तीन पिल्ले तिने स्वतःकडे ठेवली आणि त्या जोडीची वीण कायमची थांबवली. अकरांपैकी एकही विकले नाही.

आम्हांला राहून राहून आदिपर्वातील कद्रूची गोष्ट आठवत होती. उच्चैःश्रवा घोडा शुभ्र आहे, असे विनता म्हणाली. त्याची शेपटी काळी आहे, अशी पैज कद्रूने लावली, आणि जिंकण्यासाठी आपल्या सर्पपुत्रांना आज्ञा केली की शेपटीला केसांसारखे चिकटा, म्हणजे ती काळी दिसेल. जे नाही म्हणाले त्यांना तिने शाप दिला : जनमेजयाच्या सत्रात जळून जाल. सर्पसत्राची कथा आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. सूडाची कथा, आस्तीकाने थांबवलेल्या संहाराची कथा म्हणून. तिच्या मुळाशी रंगाबद्दलचे एक खोटे आहे, आणि ते खोटे आईने मुलांच्या अंगावर चढवले आहे, याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. भाचीच्या तळघरात ते गेले, कारण तसे एक खोटे आमच्याही घरात आहे.

आम्ही दोघे आते-मामे भावंडे आहोत. महाराष्ट्रात मामाची मुलगी करणे नवलाचे नाही. सुभद्रा अर्जुनाची मामेबहीणच होती. या रूढीचा नकाशा इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात मांडला. तो ग्रंथही १९५३चाच. आमचे लग्न घरच्यांनी, त्यातही आत्याने, जमवले. नाव घेताना 'घरातलंच स्थळ' म्हणायचे. किती गोड, निर्धास्त शब्द! आम्ही दोन मुलांचे आईबाप झालो. थोरली मुलगी. धाकटा मुलगा जन्मतः ऐकू न येणारा. २०१० साली, तो दोन वर्षांचा असताना, एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी आमच्यासमोर कागद ठेवून विचारले, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" आम्ही म्हणालो, नाही. एकाच वेळी, दोघांनीही. बाहेर बाकावर आत्या, म्हणजे आमच्यातील एकीची सासू, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. होय म्हटले असते, तर तो प्रश्न दार उघडून तिच्यापर्यंत गेला असता. शिवाय आम्ही प्राध्यापक. मागासलेले ठरण्याची लाज होतीच. डॉक्टरांनी लिहिले : कारण अज्ञात. पुढची तपासणी झाली नाही. ते दोन शब्द आम्ही पंधरा वर्षे फाइलीत जपले.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचा मुलगा स्टारगेझर नाही. तो हातांनी बोलतो, आमच्याहून जलद विनोद करतो, चित्रे काढतो आणि यंदा बारावीला आहे. त्याचे बहिरेपण ही दुःखाची गोष्ट आहे, असे तो स्वतः मानत नाही. आम्ही ते त्याच्याकडून शिकलो. सापाची उपमा त्याला लागू पडत नाही. ती आम्हांला लागू पडते, ज्यांनी चिठ्ठीवर लिहायचे ते लिहिले नाही. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की कॉर्न स्नेकचा काळा रंग ज्या जनुकातील बिघाडाने जातो, तो ओसीए२ हा जनुक; माणसांतील वर्णहीनतेच्या एका प्रकाराला कारण होणाराही तोच. माणूस आणि साप एकाच वहीत नोंदले गेले आहेत. आपल्या पानावर काय लिहायचे ते मात्र आपल्या हाती असते.

परत आल्यावर आठवड्याने आम्ही मुलीला समोर बसवले. ती आता वीस वर्षांची आहे. नात्यातल्या बायका 'काही पाहता की नाही' असे विचारू लागल्या आहेत. आम्ही तिला सांगितले : तुझ्या भावाचे बहिरेपण अप्रभावी जनुकामुळे असेल, तर तू वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. तुला त्याने काही होत नाही. पण तुला ठाऊक असायला हवे, आणि २०१० साली आम्ही खोटे बोललो हेही. आम्ही रडण्याची, रागावण्याची तयारी करून बसलो होतो. तिने थोडा वेळ टेबलावर बोटाने रेघा ओढल्या आणि विचारले, "त्याला सांगितलंत?"

नव्हते सांगितले. आम्ही तिच्या स्थळांचा विचार करत होतो. ज्याच्या शरीराचा हा प्रश्न होता, त्याला सांगण्याचे आमच्या मनातही आले नव्हते. हे आमचे दुसरे खोटे.

त्याच संध्याकाळी त्याला सांगितले. खुणांची आमची भाषा तोकडी पडली. शेवटी त्याने कागद पुढे ओढला आणि वंशावळ काढू लागला. खाली तो आणि ताई, वर आम्ही, आमच्या वर आजीआजोबा. एकाच पणजोबांचे नाव त्याने दोन बाजूंना दोनदा लिहिले, मग थांबला. एक खोडले आणि दोन्ही रेघा उरलेल्या नावाशी नेऊन जोडल्या. बराच वेळ तो त्या चौकोनाकडे बघत होता. मग खाली लिहिले, "इतकंच होतं तर आधी का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आत्या तीन वर्षांपूर्वी गेली.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे आनुवंशिकी सल्लागाराकडे गेलो. रक्त दिले, निकाल यायचा आहे. आधी एक छापील अर्ज भरायचा होता. त्यात चौथा प्रश्न : 'विवाह नात्यातील आहे काय? असल्यास नाते लिहा.' पेन मुलाच्या हातात होते. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली, आणि त्याने आपल्या सुबक अक्षरात लिहिले : होय. आते-मामे.